फ्रान्समध्ये मोटारी टाळून रोड सायकलिंग: कालवा, जुनी रेल्वे की खेड्यातले रस्ते?

मंदगती
येत्या जूनमध्ये दहा-बारा दिवस फ्रान्समध्ये सायकलवर भटकायचा बेत आहे. मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. श्टुटगार्टला राहतो, सायकली घरच्याच नेणार. आम्हा दोघांच्या रोड बाइक, २८ मिमी टायर. मुलीची हायब्रिड. ती दिवसाला ४०-५० किमी गप्पा मारत करते, पण मागून ट्रकचा आवाज आला की तिचे खांदे आखडतात आणि मग उरलेला दिवस वाया जातो.

म्हणून अटी दोन. मोटारी नकोत. आणि पृष्ठभाग डांबरी किंवा तितकाच गुळगुळीत हवा.

फ्रान्समध्ये 'व्वा-व्हेर्त' म्हणून मोटारबंद मार्ग आहेत, बरेचसे जुन्या रेल्वेमार्गांवर आणि कालव्यांच्या काठाने. माझा विचार असा की फक्त तेच जोडत जावं, साधा रस्ता शक्यतो घ्यायचाच नाही. जो तो ल्वार नदीचं नाव सांगतो. पण तिथे नक्की किती भाग मोटारबंद आहे ते कुणी धड सांगत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. पॅरिस, आयफेल वगैरे नको, ते झालंय.

टिवल्याबावल्या
मोटारी नकोत, डांबर हवं, गर्दी नको, फ्रान्स हवं. काका, मुलगी बघायला निघालात की रस्ता?

रेवती_ल
ल्वारबद्दल सांगते, दोन उन्हाळे तिथेच घालवलेत. नव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्रापर्यंत साधारण ९०० किमी, पाट्या उत्तम. पण 'ल्वार आ व्हेलो', म्हणजे हा ल्वारकाठचा सायकल मार्ग, पूर्ण मोटारबंद नाही. खूपसा भाग नदीच्या बांधावरच्या आणि खेड्यांतल्या बारीक रस्त्यांवरून जातो. रहदारी अगदी कमी, पण शून्य नाही. काही तुकडे खडी दाबलेले आहेत. तुमच्या दोन अटींत मग ते बसत नाही.

जाणार असाल तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जा. लोक नदी उतरती म्हणून समुद्राच्या दिशेने निघतात आणि रोज तोंडावर वारा खातात. नव्हेरची उंची समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आतच आहे, तेवढा चढ शेकडो किलोमीटरमध्ये वाटला जातो, कळतसुद्धा नाही. वारा मात्र कळतो.

गारोनकाठ
तुलूझमध्ये राहतो, त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. तुमच्या अटी वाचून एकच नाव येतं: कनाल द गारोन, म्हणजे गारोन नदीला समांतर काढलेला कालवा. कास्ते-आं-दोर्तपासून तुलूझपर्यंत १९० किमीच्या आसपास, जवळपास सगळा डांबरी आणि मोटारबंद. पूर्वी घोडे नावा ओढायचे त्या वाटेवर डांबर टाकलंय. २८ काय, २५ मिमी टायरसुद्धा चालेल.

बोर्दोकडून सुरुवात करायची असेल तर कालव्याच्या आधी आणखी एक तुकडा मिळतो, रोझे लापेबी मार्ग. बोर्दोच्या बाहेर लात्रेनपासून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत जुन्या रेल्वेचा रस्ता, ५० किमीहून थोडा जास्त. द्राक्षमळे, जंगल, मध्ये एक बोगदा. जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, क्रेयोंच्या स्टेशनात सायकलवाल्यांसाठी सोय आहे. लापेबी म्हणजे १९३७ची टूर द फ्रान्स जिंकलेला गडी. त्या वर्षी स्पर्धकांना पहिल्यांदाच डिरेलर, म्हणजे साखळी सरकवून गिअर बदलणारं यंत्र, वापरायची मुभा मिळाली होती आणि तो ते लावूनच जिंकला. तुमच्या सायकलीवरचे गिअर बदलताना त्याची आठवण काढा.

सोव्हतेरपासून कालव्यापर्यंतचा भाग मात्र साध्या रस्त्यांवरून आहे, थोडा चढउताराचा. तेवढं पोटात घालावं लागेल.

मंदगती
@गारोनकाठ, हे तर नेमकं हवं तसंच आहे. तुलूझच्या पुढे कानाल द्यु मिदी धरून समुद्रापर्यंत जाता येईल ना? म्हणजे सलग अटलांटिकच्या बाजूपासून भूमध्य समुद्रापर्यंत!

गारोनकाठ
जाता येईल, पण रोड बाइकवर नको. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंत साधारण ५० किमी डांबर छान आहे. जिल्ह्याची हद्द संपली की डांबरही संपतं. पुढे बऱ्याच ठिकाणी माती, खडी, मुळांचे उंचवटे. पावसानंतर चिखल. ग्रॅव्हल बाइकवाले मजेत जातात, तुमची मुलगी हायब्रिडवर जाईल, तुम्ही दोघं मागून शिव्या घालत याल.

शिवाय ज्या सावलीसाठी लोक तिथे जातात ती झाडं पडतायत. कालव्याकाठी प्लेन वृक्षांची हजारो झाडं आहेत आणि त्यांना २००६ पासून बुरशीचा रोग लागलेला आढळलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून दारूगोळ्याची लाकडी खोकी आली, त्यातून ही बुरशी फ्रान्समध्ये शिरली असं मानतात. रोगट झाड तोडून जाळतात, शेजारची निरोगी दिसणारीही तोडतात. नवी वेगळ्या जातींची लावतायत, पण ती मोठी व्हायला तुमच्या मुलीची मुलगी सायकलवर येईल.

पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने १६६६ ते १६८१ मध्ये हा कालवा खोदून घेतला. काम पूर्ण होण्याआधी काही महिने तो वारला. जागतिक वारसा यादीत १९९६ ला आला. बघण्यासारखा नक्कीच आहे. नोरूझची खिंड तेवढी बघा, डांबर संपतं तिथून जवळच आहे. डोंगरातून आणलेलं पाणी तिथे कालव्यात सोडतात आणि ते दोन समुद्रांकडे वाटलं जातं. बघा आणि परत फिरा.

खडूस_वाचक
कालव्याचं कौतुक पुष्कळ झालं. आता दुसरी बाजू.

दोन दिवसांत कंटाळा येतो. डावीकडे पाणी, उजवीकडे झाडं, समोर सरळ रेघ. कुठेही चढ नाही म्हणजे कुठेही उतार नाही. खेडी कालव्यापासून बाजूला, चर्चचा मनोरा तेवढा दिसतो. रविवारी सकाळी तर अख्खा गाव कुत्रे, बाबागाड्या आणि रोलर स्केट घेऊन तिथेच. रोड बाइकवर २५च्या वेगाने जाणं शक्य नाही आणि जाऊही नये. शिवाय प्रत्येक आडव्या रस्त्याला अडसर लावलेले असतात, मोटारसायकली शिरू नयेत म्हणून. सामान लादलेली सायकल त्यातून वाकडीतिकडी काढत बसा.

रोड बाइक घेऊन फ्रान्सला जायचं आणि कालव्याच्या काठाने दहा दिवस रांगायचं, हे मला पटत नाही. मोटारबंद आणि शांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नकाशे_आणि_मी
खडूसरावांशी मी चक्क सहमत. तारीख लिहून ठेवा.

फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी सगळ्यात खालची पातळी. कित्येकांत दोन-तीनशे माणसं. त्या प्रत्येक गावाला शेजारच्या चार-पाच गावांशी जोडणारा डांबरी रस्ता आहेच. नुसते जिल्ह्यांच्या ताब्यातले, नावात 'डे' (D) लागतो ते रस्तेच पावणेचार लाख किमीच्या घरात, गावच्या ताब्यातले आणखी वेगळे. माणसं कमी, रस्ते उदंड. लांबच्या गाड्या मोटरवेवर जातात. मग या आडरस्त्यांवर येतं कोण? शेतकऱ्याचा ट्रॅक्टर, टपालाची पिवळी गाडी, आणि पाव आणायला निघालेले आजोबा.

ओळखायचं कसं? मिशलँचा कागदी नकाशा घ्या, १:१,५०,००० किंवा १:२,००,००० चा. लाल रस्ते सोडा, पिवळे शक्यतो सोडा, पांढरे धरा. कडेला हिरवी रेघ असेल तर निसर्ग चांगला. 'डे'नंतर तीन आकडी नंबर असेल तर रस्ता बहुधा छोटा, एक-दोन आकडी असेल तर सावध, पण हा ठोकताळाच आहे. जिल्हा बदलला की त्याच रस्त्याचा नंबर बदलतो, तेव्हा नंबर बघून घाबरू नका.

मंदगती
@खडूस_वाचक, @नकाशे_आणि_मी: मुद्दा समजला. पण मुलीचं काय? अर्ध्या तासाला एक गाडी आली तरी ती ८०-९०च्या वेगाने येणार ना? जर्मनीतल्या खेड्यांतले रस्ते बघितलेत, तिथे भीती वाटते.

घाटवाट
मी पुण्याचा, ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणारा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससाठी फ्रान्सला गेलो होतो त्या अनुभवावरून लिहितो. ही १२०० किमीची राइड, ९० तासांत पूर्ण करायची, चार वर्षांतून एकदा होते, पहिली १८९१ मध्ये झाली. २०१९ आणि २०२३ ला सुरुवात राम्बुयेहून होती. भारतातून आता बरेच जण जातात, आपल्या पुण्या-मुंबई-नाशिकचेही.

नॉर्मंडीच्या कडेपासून ब्रिटनीपर्यंत जवळपास सगळा मार्ग याच 'डे' रस्त्यांचा. मोटारबंद नव्हे, वाहतूक चालू असते. आणि तरी सांगतो, पुणे-सातारा जुन्या हायवेवर दोनशेची ब्रेव्हे करताना जेवढा जीव मुठीत असतो त्याच्या दशांशही तिथे नव्हता. मागून आलेली गाडी वळण संपेपर्यंत मागेच थांबते. हॉर्न नाही. समोर मोकळं दिसलं की पूर्ण पलीकडच्या बाजूला जाऊन ओलांडते. मला पहिले काही तास ती गाडी मागे का रेंगाळतेय हेच कळेना, मी हात दाखवून पुढे जा म्हणत होतो.

कायदाही तसाच आहे. गावाबाहेर सायकलला दीड मीटर अंतर सोडून ओलांडायचं, गावात एक मीटर. २०१५ पासून त्यासाठी सलग पांढरी रेघ ओलांडायची परवानगीही गाडीवाल्याला आहे, समोरून कुणी नसेल तर. २०१८ मध्ये दुपदरी रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० केली, नंतर काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा ९० आणली.

बाकी त्या राइडमध्ये गावोगावी लोक घरासमोर टेबल टाकून बसतात, रात्री दोनलासुद्धा. कॉफी, पाणी, केक. पैसे घेत नाहीत. व्हिलेन-ला-झ्युएलला तर अख्खा गाव रस्त्यावर. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

टिवल्याबावल्या
रात्री दोनला घरासमोर टेबल टाकून फुकट कॉफी? आमच्या सोसायटीत रात्री दहाला सायकलची घंटी वाजवली तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठराव होतो.

खडूस_वाचक
@घाटवाट, ती एका आठवड्याची जत्रा आहे, तेव्हा गाडीवाल्यांनाही माहीत असतं. एरवीही तेवढाच समंजसपणा असतो असं नाही. संध्याकाळी पाच ते सात कामावरून परतणाऱ्यांची गाडी जोरात असते, मोठ्या गावाच्या दहा किलोमीटरच्या परिघात तर विशेष. पण सकाळी आठ ते बारा आणि दुपारी जेवणाच्या वेळेत पांढऱ्या रस्त्यांवर चिटपाखरू नसतं. वेळ साधली की झालं.

रेवती_ल
मुलीसाठी एक सूचना: १२ वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये हेल्मेट सक्तीचं आहे, २०१७ पासून. मागच्या कॅरिअर-सीटवर बसलेल्या बाळालासुद्धा. मोठ्यांना सक्ती नाही. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट मात्र सगळ्यांना.

आणि इंग्लंडहून येणाऱ्या मंडळींसाठी: न्यूहेव्हनहून बोटीने दिएपला उतरा आणि आव्हेन्यू व्हेर्त धरा. दिएपबाहेरून फोर्झ-लेझ-ओपर्यंत जुन्या रेल्वेवरचं गुळगुळीत डांबर, चाळीस-पंचेचाळीस किमी. सफरचंदाच्या बागा, गाई, उजाड स्टेशनं. लहान मुलांना घेऊन शनिवार-रविवारसाठी याहून सोपं काही मला माहीत नाही.

नकाशे_आणि_मी
जुन्या रेल्वेचा विषय निघालाच आहे तर पहिला मान बरगंडीचा. जिव्री ते क्लुनी, १९९७ मध्ये सुरू झालेला, फ्रान्समधला पहिला व्वा-व्हेर्त. ४४ किमी डांबर. पुढे माकोंकडे वाढवला, त्यात ब्वा-क्लेर नावाचा १६०० मीटरचा बोगदा आहे. उन्हाळ्यात आत गेलात की दात वाजतात, जाकीट हाताशी ठेवा. हिवाळ्यात बोगदा बंद, कारण आत वटवाघळं झोपतात. जूनमध्ये अडचण नाही. श्टुटगार्टहून हे बोर्दोपेक्षा खूपच जवळ पडेल.

रेल्वेच्या वाटेवर मुलांना घेऊन जायला सोपं का, तर वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे. त्यामुळे रुळांचा चढ दोन-तीन टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. आणि एवढ्या जुन्या लाइनी आल्या कुठून? १८७९ मध्ये फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने आडगावांपर्यंत रेल्वे न्यायची योजना आखली. पुढे मोटारी आल्या, लाइनी तोट्यात गेल्या, बंद पडल्या. मोटारींनी मारलेल्या वाटेवर आता मोटारींना बंदी आहे.

चाकोरी
हे वाचून वाटलं, आपली शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. नॅरोगेज, बंद पडलेली, कपाशीच्या शेतांमधून जाणारी, पावणेदोनशे किलोमीटरहून जास्त. त्यावर असा मार्ग केला तर?

मूर्तिजापूरकर
@चाकोरी, भाऊ, हे पुण्यात बसून सुचते. आमच्याकडे लोक शकुंतला परत सुरू करा, ब्रॉडगेज करा म्हणून आंदोलनं करून राहिले. गरिबाची गाडी होती ते. एसटीच्या निम्म्याहून कमी तिकिटात माणूस दवाखान्यात जायचा. तिच्यावर सायकलवाल्यांसाठी डांबर टाका म्हटलं तर गावात उभं करणार नाहीत. आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत कोण चालवणार आहे सायकल?

चाकोरी
रास्त. मागे घेते. पण जमीन सलग राहिली पाहिजे एवढं तरी मान्य करा, एकदा अतिक्रमण झालं की ना रेल्वे ना सायकल.

मूर्तिजापूरकर
ते शंभर टक्के.

चाकावरची_सुगरण
मूळ धाग्यावर येते. रस्त्यांचं सगळ्यांनी सांगितलं, खाण्यापाण्याचं कुणीच नाही.

खेड्यात बारा वाजले की सगळं बंद, दोन-अडीचपर्यंत. पुण्याच्या दुकानदारांनी ही विद्या कुठून उचलली ते तिथे कळतं. बेकरी सकाळी लवकर उघडते, दुपारचा पाव तेव्हाच घेऊन ठेवा. रविवारी दुपारनंतर काही मिळत नाही आणि सोमवारी बरीच दुकानं बंदच. कित्येक गावांत तर दुकानच उरलेलं नाही.

शाकाहारी असाल तर कसरत आहे. 'भाजीचं' म्हणून आलेल्या पदार्थात हॅमचे तुकडे निघतात, त्यांच्या लेखी ते मांस नसावं. ब्रिटनीत गव्हाऐवजी कुट्टूच्या पिठाचं धिरडं मिळतं, अंडं-चीज घालून मागा, हॅम नको हे दोनदा सांगा. मी सरळ आठवडी बाजार गाठते: टोमॅटो, पीच, बकरीचं चीज, डब्यातले शिजवलेले छोले. सोबत घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. मार्मांदचे टोमॅटो आणि ती चटणी, हे तुमच्या कालव्याच्या वाटेवरच आहे बघा. आजांचे सुके आलुबुखारही तिथलेच, सायकलवर खजुराऐवजी उत्तम.

पाणी: प्रत्येक गावाच्या स्मशानभूमीत नळ असतो.

टिवल्याबावल्या
काय असतो?

चाकावरची_सुगरण
नळ! लोक थडग्यांवर फुलझाडं लावतात, त्यांना घालायला. पाणी सहसा गावच्या पुरवठ्याचंच असतं. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर पिऊ नका. युरोपातले सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात, कुणी काही म्हणत नाही. नकाशावर क्रॉसची खूण शोधायची. माझ्या सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, घरी आल्यावर आधी अंघोळ कर.

घाटवाट
+१. पॅरिस-ब्रेस्टच्या रात्री याच नळांनी तारलं. सासूबाईंना सांगू नका.

गारोनकाठ
मंदगती, तुमच्या कालव्याचा बचाव करायचा राहिलाय. खडूसराव म्हणतात काही बघण्यासारखं नाही. कालव्यावरून मान वर केली नाही तर नाहीच दिसणार.

मास-दाझने नावाचं छोटं गाव कालव्याला लागून टेकडीवर आहे. तिथल्या चर्चमध्ये रेम्ब्राँचं १६३१ चं चित्र आहे, क्रूसावरचा येशू. गावातल्या साध्या चर्चमध्ये रेम्ब्राँ! आजांला कालवा स्वतःच पुलावरून नदी ओलांडतो, २३ कमानी, खाली गारोन आणि वर तुम्ही नावेच्या शेजारून सायकलवर. पुढे गोल्फेशला अणुवीज केंद्राचे दोन अवाढव्य धुराडेवजा मनोरे तासभर समोर दिसत राहतात, तेही सांगतो, नाहीतर फसवलं म्हणाल. म्वासाकचा मठ, त्याचा ओवऱ्यांचा चौक ११०० सालचा. एकोणिसाव्या शतकात बोर्दोहून येणाऱ्या रेल्वेसाठी मठाची भोजनशाळा पाडली, चौक थोडक्यात वाचला. रूळ आजही मठाला चिकटून जातात. मोंतेशला पाण्याचा उतार आहे, १९७४ मध्ये बांधलेला: दोन इंजिनं काठाने चालत पाण्याची पाचर नावेसकट वर ढकलत. आता बंद, पण यंत्र बघता येतं. अकरा वर्षांच्या मुलीला मठापेक्षा हे आवडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बोर्दो-तुलूझ रेल्वे कालव्याला जवळपास समांतर आहे. ला-रेओल, मार्मांद, आजां, म्वासाक, मोंतोबां. पाऊस लागला, ऊन चढलं, कुणी रुसलं, तर जवळचं स्टेशन गाठा. स्थानिक गाड्यांत, ज्यांना तेर म्हणतात, सायकल सहसा फुकट जाते. तेजेव्हेत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत, मात्र सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते किंवा चाकं काढून पिशवीत भरावी लागते, आणि सगळ्या तेजेव्हेत सायकलची जागा नसते. श्टुटगार्टहून येताना हीच खरी डोकेदुखी आहे, रस्ता नव्हे.

मंदगती
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात चर्चा झाली. सध्याचा बेत:

बोर्दोहून लापेबी मार्गाने सोव्हतेर. तिथून कालवा. आजांला दोन मुक्काम, मधल्या दिवशी सामान न घेता दक्षिणेला जेर जिल्ह्यातल्या पांढऱ्या रस्त्यांवर फेरी, सकाळी आठ ते बारा. ही अट मुलीनेच मान्य केली, बदल्यात पाण्याचा उतार बघायचाय. मग म्वासाक, मोंतेश, तुलूझ. बरगंडीचा बोगदा पुढच्या वर्षी.

@खडूस_वाचक, फेरी ३५-४० किमीची पुरे का?

खडूस_वाचक
पुरे. जेर म्हणजे एकामागून एक टेकड्या, सपाट असं काही नाहीच. कालव्यावर चार दिवस सुस्तावलेले पाय घेऊन जाल तेव्हा ३० सुद्धा पुरतील. मागच्या गिअरची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची आहे? २८ची असेल तर ३२ किंवा ३४ची लावून घ्या. मुलीच्या हायब्रिडला पुढे तीन चकत्या असतील, ती तुमच्या पुढे जाईल.

नकाशे_आणि_मी
आजांहून नेराकच्या दिशेला बघा. शहरातून बाहेर पडायचे पहिले सहा-सात किलोमीटर रहदारीचे आहेत, तेवढे कालव्यानेच पश्चिमेला जाऊन मग दक्षिणेला वळा. नेराक ते कोंदोम हा भाग मी केलाय, उत्तम आहे. कोंदोमपर्यंत मात्र तुमच्या ४० किमीत बसणार नाही.

मंदगती
मागे २८चीच आहे. ३४ची सांगतो दुकानात. बोर्दोला रविवारी संध्याकाळी पोहोचतोय, सोमवारी सकाळी निघू.

चाकावरची_सुगरण
सोमवारी?? वर काय लिहिलंय मी? मंगळवारी निघा. नाहीतर बोर्दोतूनच दोन दिवसांचं खाणं भरून घ्या.